बाजाराचा कल नेमका कळतो कधी? माझ्या वहीतली काही पानं

जुनी वही

महिन्याच्या पहिल्या रविवारी मी एका वहीत तीन ओळी खरडतो. बाजाराचा कल कुठे दिसतोय, तसं का वाटतंय आणि त्यावर मी काय केलं. २०१८ पासून हे चालू आहे. मधे खाडे झाले, पण पडझडीच्या दिवसांत रविवारची वाट न बघता लिहिलेलं सापडतं. घाबरलेल्या माणसाला लिहायला बरंच सुचतं बहुतेक.

परवा ती वही पहिल्या पानापासून वाचून काढली. २०२० सालच्या नोंदी जशाच्या तशा उतरवतो.

१२ मार्च : "कल खाली, पण तात्पुरता. चांगले शेअर स्वस्तात मिळतायत. थोडे घेतले."
२३ मार्च : "अजून निम्मं पडणार. सगळं विकलं."
३ मे : "उसळी फसवी आहे. पुन्हा तळाला जाऊन आल्याशिवाय हात लावायचा नाही."
५ जुलै : "अजूनही पटत नाही."
६ सप्टेंबर : "कल वर. आता खात्री वाटते. परत घेतले."

२३ मार्चच्या 'सगळं'खाली दोन रेघा आहेत, दुसरीने कागद फाटलाय. त्या सकाळी खालचं सर्किट लागून, म्हणजे घसरण ठरलेल्या मर्यादेला पोचून, व्यवहार पाऊण तास बंद होते. ती पंचेचाळीस मिनिटं मी विक्रीची ऑर्डर भरून तयार बसलो होतो. एखाद्या सौद्याआधी विचार करायला इतका वेळ मला एरवी कधी मिळाला नव्हता, आणि तो मी बातम्या बघण्यात घालवला. दिवसअखेर सेन्सेक्स ३,९३४ अंकांनी, म्हणजे १३ टक्क्यांहून जास्त आपटून २५,९८१ वर बंद झाला. त्या घसरणीतला तो सगळ्यात खालचा बंद भाव. अमेरिकेच्या एस अँड पी ५०० या निर्देशांकानेही त्याच दिवशी तळ गाठला आणि १८ ऑगस्टला तो नव्या उच्चांकावर होता. कल खाली आहे अशी माझी खात्री ज्या दिवशी पक्की झाली, नेमका त्याच दिवशी तो कल संपला!

ही माझ्या एकट्याची गंमत असती तर या चर्चामंचावर धागा काढला नसता. १९२९ च्या सप्टेंबरात अमेरिकेचा डाऊ जोन्स निर्देशांक ३८१ वर होता, नोव्हेंबरच्या मध्यात १९९ वर. तिथून तो उठला आणि एप्रिल १९३० मध्ये २९४ ला पोचला. पाच महिन्यांत ४८ टक्के. त्या एप्रिलात कुणी वही लिहीत असता तर त्याने 'कल वर' असंच लिहिलं असतं, आणि त्या दिवशी हातात असलेल्या माहितीवर त्याला कुणी खोटं पाडलं नसतं. जुलै १९३२ मध्ये डाऊ ४१ वर होता.

आलेखाच्या उजव्या टोकाला उभं राहिलं की तेजीतली किरकोळ घसरण आणि मंदीची सुरुवात अगदी सारखी दिसते. जुळ्या बहिणी. कोण कोण होती ते वर्षभराने कळतं. मग 'सध्याचा कल काय सांगतो' छापाच्या चर्चांचा साध्या गुंतवणूकदाराला उपयोग काय? माझं मत : फार थोडा. त्याऐवजी हे पैसे मला कधी लागणार आहेत, हा प्रश्न आधी विचारावा.

भावांचे आलेख बघून सौदे करणारे चार्टवाले येऊन झोडपणार याची कल्पना आहे. या.

चार्टवाला

आलो.

वही प्रामाणिक आहे, त्याबद्दल आधी सलाम. पण ती कलाची वही नाही हो, तुमच्या मनःस्थितीची आहे. पाच नोंदी पुन्हा वाचा. 'खात्री वाटते', 'पटत नाही', 'फसवी आहे'. भाव किती होता, सरासरी किती होती, एका तरी ओळीत आहे का?

कलाच्या मागे जाणं वेगळं आणि कलाचं भाकीत करणं वेगळं. वॉल स्ट्रीट जर्नल या अमेरिकी वृत्तपत्राचा पहिला संपादक चार्ल्स डाऊ, त्याने बाजाराला समुद्राची उपमा दिली होती : भरती, लाटा आणि तरंग. भरती कुठवर आली हे ओळखायला तो वाळूत काठी रोवायला सांगतो. लाटा काठीच्या पुढे जात राहिल्या तर भरती चालू. पोचेनाशा झाल्या की पाणी ओसरायला लागलं. काठी भविष्य सांगत नाही, झालेलं मोजते. उशीर होतो तो त्यामुळेच, आणि तो मान्य करूनच खेळायचं असतं.

माझा नियम अगदी बाळबोध आहे. महिनाअखेरीस निर्देशांक गेल्या २०० दिवसांच्या बंद भावांच्या सरासरीच्या वर असेल तर आत, खाली असेल तर बाहेर. बातम्या बघायच्या नाहीत. २००८ च्या मार्चअखेर सेन्सेक्स १५,६४४ ला होता, सरासरीच्या चांगलाच खाली. म्हणजे बाहेर. जानेवारीतलं २१ हजारांचं शिखर हुकलंच होतं, पण वर्षभराने तो ८,१६० वर बंद झाला तेव्हा मी काठावर कोरडा होतो. पन्नास टक्के बुडाले तर मुद्दल परत यायला शंभर टक्के वर जावं लागतं. वीस बुडाले तर पंचवीसच पुरतात. सगळी मेहनत तेवढ्यासाठी.

जुनी वही

मनःस्थितीची वही, हे मान्य. लागलं, पण मान्य.

मात्र २०२० मध्ये तुम्हा चार्टवाल्यांच्या दुसऱ्या एका काठीने दगा दिलाच ना? ५० दिवसांची सरासरी २०० च्या खाली गेली की तुम्ही ती मंदीची खूण मानता. एस अँड पी ची गेली ती मार्चच्या अगदी शेवटी. तळ होऊन आठवडा उलटला होता. वरातीमागून घोडं.

चार्टवाला

दिला. तेवीस सत्रांत बाजार एक तृतीयांश पडतो आणि लगेच तडफेने उठतो तेव्हा ती खूण कामाची नाही. शिवाय बाजार वर्षभर आडवा चालला की माझा नियमही आत-बाहेर, आत-बाहेर करायला लावतो आणि दर खेपेला दोन-चार टक्के कापून घेतो. वर दलाली, कर. मी त्याला विम्याचा हप्ता म्हणतो. घर जळालं नाही म्हणून हप्ता वाया गेला असं कुणी म्हणत नाही.

उंटावरून

हप्ता भरून भरून घर विकायची वेळ आली नाही म्हणजे मिळवलं.

आळशी कासव

चार्टवाल्यांनी डाऊचं नाव काढलंच आहे तर पुढची गोष्ट सांगतो. डाऊ १९०२ मध्ये गेले. त्यांचे विचार पुढे चालवले विल्यम हॅमिल्टन यांनी, त्याच वॉल स्ट्रीट जर्नलच्या संपादकीयांतून. आल्फ्रेड काउल्स नावाच्या गृहस्थांनी १९३३ मध्ये हॅमिल्टन यांची १९०४ ते १९२९ अशी सव्वीस वर्षांची भाकितं तपासली. नव्वद वेळा त्यांनी कल बदलल्याचं सांगितलं होतं. बरोबर ४५, चूक ४५. नाणं उडवूनही एवढं नेमकं निम्मं येत नाही! आणि त्यांच्या सल्ल्याने आत-बाहेर करणाऱ्यापेक्षा घेऊन गप्प बसणारा त्या काळात पुढे राहिला.

मी त्या गप्प बसणाऱ्यांतला. निर्देशांकातलेच शेअर घेणारा फंड, दर महिन्याला ठरावीक रक्कम, वर्षातून एकदा डोकावणं.

चार्टवाला

अर्धी गोष्ट सांगितलीत. १९९८ मध्ये तीन संशोधकांनी तोच हिशेब पुन्हा मांडला. हॅमिल्टन बराच काळ बाजाराच्या बाहेर असत, म्हणजे त्यांनी जोखीम कमी घेतली होती. ती धरून पाहिलं तर त्यांची कामगिरी चांगलीच निघाली. परतावा कमी आला, पण झोप जास्त मिळाली. आणि २५ ऑक्टोबर १९२९ ला त्यांनी भरती ओसरल्याचं लिहिलं होतं, ते त्या ४५ बरोबरांपैकी. सगळे ४५ एका वजनाचे नसतात.

आळशी कासव

वजनाचा मुद्दा मान्य. पण तो उलट्या बाजूनेही लागू होतो. वजनदार दिवस चढणीचेही असतात आणि ते बाहेर बसलेल्याला विचारून येत नाहीत. १८ मे २००९ आठवा. निवडणुकीचा निकाल लागला, कल स्पष्ट झाला की शिरू असं ठरवून कितीतरी लोक बसले होते. सोमवारी बाजार उघडला आणि काही क्षणांत वरच्या सर्किटला बंद झाला. सेन्सेक्स एका दिवसात १७ टक्के वर. कल एवढा स्पष्ट झाला की दारातून आत जायलाच मिळालं नाही.

उंटावरून

कासवराव, जपानमध्ये गप्प बसलेल्यांचं काय? १९८९ च्या डिसेंबरात तिथला निक्केई निर्देशांक ३८,९१५ वर बंद झाला. तो आकडा पुन्हा दिसला २०२४ च्या फेब्रुवारीत. चौतीस वर्षं! 'लाँग टर्म' म्हणजे नक्की किती, ते एकदा लिहून द्या. नातवाला वाचून दाखवेन.

आळशी कासव

उत्तर देतो, पळत नाही.

१९८९ च्या शेवटच्या दिवशी सगळी पुंजी एकदम टाकली असेल तरच चौतीस वर्षं लागली. दर महिन्याला टाकणाऱ्याने २००३ आणि २००९ चे सात-आठ हजारांचे भावही पकडले. त्याची सरासरी खरेदी शिखराच्या कितीतरी खाली. शिवाय निर्देशांकाच्या आकड्यात लाभांश धरलेला नसतो. तरीही तुमचा टोमणा खोटा नाही. ज्याने वीस वर्षं हप्ते भरले आणि २००९ मध्ये निवृत्त झाला, त्याला हे सगळं सांगून उपयोग नव्हता. एकाच देशाच्या बाजारावर आयुष्य टांगू नये, एवढं मी जपानकडून शिकलो.

ताळेबंद

इतका वेळ सगळे भावाच्या रेघेबद्दल बोलताय. रेघ कशामुळे वर गेली ते कुणी बघेना, म्हणून लिहितो.

समजा एका कंपनीची प्रतिशेअर कमाई १० आहे आणि लोक कमाईच्या १५ पट मोजतायत. भाव १५०. तीन वर्षांनी कमाई १२ झाली, पण आता उत्साहाने २५ पट मोजतात. भाव ३००. दामदुप्पट! चार्टवर ही रेघ सुरेख दिसते. प्रत्यक्षात धंदा वीस टक्केच वाढलाय, उरलेलं लोकांच्या मूडचं देणं आहे. मूड पुन्हा १५ पटीवर आला तर भाव १८०. कंपनीने काहीही वाकडं केलेलं नसताना चाळीस टक्के गुल.

सिस्को ही अमेरिकी कंपनी याचं जिवंत उदाहरण. मार्च २००० मध्ये ती काही काळ जगातली सर्वात मोठ्या बाजारमूल्याची कंपनी होती. पुढे धंदा दुपटीहून जास्त झाला, नफा वाढला, आणि तरी दोन दशकांहून जास्त काळ शेअरला तो जुना भाव दिसला नाही. कंपनी बरोबर निवडली, भाव चुकीचा दिला.

म्हणून 'कल वर आहे' असं कुणी म्हटलं की मी विचारतो, कमाईचा की पटीचा? कमाई वाढतेय आणि पट तिथेच आहे, अशी चढण कंटाळवाणी असते. तिच्यावर चर्चासत्रं होत नाहीत.

दुसरं, व्याजदर. दहा वर्षांनी मिळणाऱ्या शंभराची आजची किंमत ४ टक्के दराने साधारण ६७.५ होते, ८ टक्क्यांनी ४६. त्या शंभराला कुणी हात लावलेला नाही, तरी आजची किंमत जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने घटली. नफा लांबच्या भविष्यात दाखवणाऱ्या कंपन्या व्याज वाढलं की आधी का आपटतात ते यातून कळेल. २०२२ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, फेडने, दर शून्याच्या आसपासून डिसेंबरपर्यंत सव्वाचार-साडेचार टक्क्यांवर नेला. एस अँड पी वर्षात १९ टक्के पडला आणि लांब मुदतीचे रोखेही पडले. सुरक्षित म्हणून रोख्यांत बसलेल्यांना ते जास्त झोंबलं.

चार्टवाला

पहिल्यांदाच ताळेबंद यांच्याशी पूर्ण सहमत. स्क्रीनशॉट काढून ठेवा.

त्याला जोडून : निर्देशांक बाजारमूल्याने तोललेला, म्हणजे मोठ्या कंपनीला जास्त वजन देणारा असेल तर वरच्या पाच-दहा कंपन्या एकट्याच्या जोरावर त्याला ओढून नेऊ शकतात. निर्देशांक उच्चांकावर आणि आपला पोर्टफोलिओ लालेलाल, हा अनुभव घेतलेले इथे बरेच असतील. तुम्ही शेअर चुकीचे निवडले असंच नाही, बाजारातले बहुतेक शेअर पडत असू शकतात. रोज किती वाढले, किती पडले, एवढं तरी बघत जा. 'बाजार वर गेला' या वाक्यातला बाजार कोणाचा, ते कळेल.

नवशिका

नमस्कार. बरंच डोक्यावरून गेलं, पण वाचतेय. माझा प्रश्न सरळ आहे. चार वर्षं दर महिन्याला दोन फंडांत पैसे टाकतेय. या वर्षी पहिल्यांदाच आकडा भरलेल्या रकमेच्या खाली गेलेला पाहिला. रात्री दोन वाजता ॲप उघडून बघते. यातले काही पैसे मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी आहेत, ते दोन वर्षांनी लागतील. बाकीचे माझ्या म्हातारपणासाठी, त्याला वीस-बावीस वर्षं आहेत. कल खाली असेल तर आत्ता थांबवू का?

शून्यप्रहर

ताई, तुमचा प्रश्न म्हणजे दोन प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं एकमेकांच्या विरुद्ध आहेत. आकडे मांडून दाखवतो, वही-पेन घ्या.

तीन वर्षं. एका बाजाराचे परतावे : उणे ३०, अधिक १०, अधिक ३०. दुसऱ्याचे तेच, फक्त उलट क्रमाने : अधिक ३०, अधिक १०, उणे ३०. मधे कुणी हात लावला नाही तर शंभराचे दोन्हीकडे १००.१ होतात. गुणाकाराला क्रमाशी देणंघेणं नसतं.

आता दर वर्षअखेरीला १० टाका.
आधी पडणारा बाजार : १०० चे ७०, दहा टाकले ८०. त्याचे ८८, दहा टाकले ९८. त्याचे १२७.४, दहा टाकले १३७.४.
आधी चढणारा बाजार : १३०, मग १४०. १५४, मग १६४. ११४.८, मग १२४.८.

भरत राहणाऱ्याला आधी पडलेला बाजार फायद्याचा ठरला.

आता दर वर्षअखेरीला १० काढा.
आधी पडणारा : ७०, उरले ६०. ६६, उरले ५६. ७२.८, उरले ६२.८.
आधी चढणारा : १३०, उरले १२०. १३२, उरले १२२. ८५.४, उरले ७५.४.

काढणाऱ्याला तोच बाजार महागात पडला. गंमत बघा, दोन्ही ठिकाणी फरक १२.६ चाच आहे. हा योगायोग नाही. भरणाऱ्याच्या पदरात जे पडतं, तेच काढणाऱ्याच्या पदरातून जातं.

तुमच्या म्हातारपणाचे पैसे पहिल्या हिशेबात बसतात, फीचे दुसऱ्यात. कल एकच.

जुनी वही

शून्यप्रहर, हेच मला लेखात म्हणायचं होतं आणि म्हणता आलं नव्हतं. मी २३ मार्चला विकलेले पैसे मला पुढची पंधरा वर्षं लागणार नव्हते. ऑर्डर भरताना हे एकदाही डोक्यात आलं नाही.

उंटावरून

पण शून्यप्रहर, तुमचा बाजार तिसऱ्या वर्षी परत येतो. जपानचा आला नाही. तेही एकदा मांडा.

शून्यप्रहर

बरोबर. वरचा हिशेब क्रमाचा आहे, बाजार परत येईलच याची हमी त्यात नाही. ती हमी गणितातून निघत नाही. कंपन्या कमावत राहतील, यावर तुमचा किती विश्वास आहे त्यावर ते अवलंबून. कासवांचा 'एकाच देशावर टांगू नका' हा मुद्दा तिथे लागू पडतो.

खडू-फळा

मी जानेवारी २००८ मध्ये निवृत्त झाले. तारीख बघा. त्याच महिन्यात सेन्सेक्सने २१ हजार ओलांडले होते. निरोप समारंभात निम्म्या स्टाफरूमने मला फंड कुठले घ्यावेत ते विचारलं. मी दोन वर्षांत हुशार झाले होते ना.

माझी अक्कल एवढीच होती की बँकेत पडून असलेले पैसे फुकट सडतायत. तीन वर्षांच्या खर्चाची रक्कम यांनी मुदत ठेवीत ठेवलेली, आणि त्यावरून २००७ भर आमची भांडणं. मी कागदावर गणित करून दाखवायचे, एवढे फंडात असते तर एवढे झाले असते. हे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, बरं, पुढच्या वर्षी बघू.

पुढच्या वर्षी फंडांचे आकडे बघून माझं जेवण जाईना. पण महिन्याच्या एक तारखेला लागणारे पैसे ठेवीतून येत होते. विकायची वेळच आली नाही. मला कल कळला नव्हता आणि यांनाही कळला नव्हता. यांना एवढंच कळलं होतं की पगार बंद होणार आहे.

आजही तीच पद्धत आहे. तीन वर्षांचा खर्च बाजाराबाहेर. बाजार चांगला असेल त्या वर्षी फंडातून काढून ठेव पुन्हा तीन वर्षांची करते. वाईट असेल त्या वर्षी ठेवीतून खाते आणि फंडाकडे बघत नाही. हे आता नाहीत, पण एप्रिलात ठेवीचं नूतनीकरण करताना 'पुढच्या वर्षी बघू' कानात येतंच.

आळशी कासव

बाई, हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका. वाचनखूण साठवली.

चार्टवाला

बाईंच्या पद्धतीत एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली का? 'बाजार चांगला असेल त्या वर्षी काढते.' म्हणजे कल त्याही बघतात. फक्त वर्षातून एकदा, आणि भाकीत न करता. माझी काठीच झाली की ती.

खडू-फळा

तुमची काठी मला खेळायला सांगते. माझी मला टेकायला आहे.

चार्टवाला

_/\_

ताळेबंद

नवशिका ताईंच्या रात्री दोनच्या ॲपबद्दल. कानेमान आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलं होतं की तेवढ्याच रकमेच्या फायद्यापेक्षा तोट्याची बोच जास्त असते. त्यांनी पुढे केलेल्या मोजमापात ती साधारण दुप्पट निघाली. बाजार रोजच्या रोज पाहिला तर पडलेले दिवस जवळजवळ चढलेल्या दिवसांइतकेच दिसतात. वर्षातून एकदा पाहिला तर चढलेली वर्षं बरीच जास्त दिसतात. बाजार तोच, पण रोज बघणाऱ्याला मनस्ताप कितीतरी जास्त.

उंटावरून

म्हणजे सगळेच बरोबर. असं कसं चालेल? कुणीतरी हरा की राव.

शून्यप्रहर

मुदत सांगितल्याशिवाय कुणी हरत नाही. १९९३ चं एक गाजलेलं संशोधन सांगतं की गेल्या तीन ते बारा महिन्यांत वर गेलेले शेअर पुढचे काही महिने सरासरीने पुढेच राहतात. १९८५ चं तितकंच गाजलेलं दुसरं सांगतं की तीन-पाच वर्षं सपाटून मार खाल्लेले शेअर पुढच्या तीन-पाच वर्षांत जिंकलेल्यांना मागे टाकतात. पहिलं चार्टवाल्यांचं, दुसरं ताळेबंद यांचं. भांडण महिन्यांचं आणि वर्षांचं आहे.

अवांतर : पहिल्या जमातीचा कपाळमोक्ष नेमका तळानंतरच्या उसळीत होतो. २००९ च्या वसंतात सगळ्यात जास्त पडलेले शेअर सगळ्यात जास्त उसळले, आणि कलवाले त्यांच्या उलट बाजूला उभे होते.

चार्टवाला

त्या जखमेवर मीठ नको. मी होतो तिथे.

नवशिका

सगळ्यांचे आभार. काल सुट्टी होती, बसून दोन्ही फंडांची विभागणी केली. फीच्या नावाने किती आणि माझे किती, हे मी आजवर वेगळं लिहिलंच नव्हतं. सगळं एकच आकडा म्हणून बघत होते आणि एकच भीती वाटत होती.

फीचे पैसे काढून ठेवीत टाकायचे असं बाईंचं वाचून ठरवलं. ते तोट्यात निघतायत, पाच टक्क्यांच्या आसपास. बटण दाबताना हात थरथरला. माझे हप्ते चालू ठेवलेत.

एक शंका आहे. फीचे पैसे तोट्यात काढण्यापेक्षा दोन-तीन महिने वाट पाहून, भरलेली रक्कम परत आली की काढले तर? निम्मेच काढलेत अजून.

जुनी वही

ताई, 'परत आली की काढू' ही माझ्या वहीतली सगळ्यात जास्त वेळा आलेली ओळ आहे. तुम्ही किती भरलेत ते बाजाराला ठाऊक नसतं. स्वतःला विचारा : हे पैसे आज हातात रोख असते, तर दोन वर्षांत लागणारी फी तुम्ही आज नव्याने फंडात टाकली असती का?

नवशिका

नाही.

खडू-फळा

मग उरलेले निम्मे उद्या काढा. आणि रात्री झोपा हो. मुलगी कुठल्या शाखेला जातेय?